फिल्टर चालू आहे तरी इनबॉक्समधे कचरा येतोय? स्पॅमअसॅसिन तपासायचा माझा क्रम

महिन्यातून एकदा तरी हा फोन येतोच. मागच्या वेळी एका पतसंस्थेच्या हिशेबनीस काकांचा होता. "अरे तुझा तो फिल्टर झोपलाय का रे? सकाळपासून बावीस मेल आलेत, सगळ्यांचं म्हणणं की मला लॉटरी लागलीय." मी म्हटलं, काका, त्यातला एकही उघडू नका, मी येतोच. तर म्हणे, "तीन उघडले की मी, बक्षीस किती ते बघायला."

मी छोट्या ऑफिसांचे मेल सर्व्हर सांभाळतो. पतसंस्था, सीए लोक, दोनेक कारखाने, एक कॉलेज. सगळीकडे साधारण एकच मांडणी, डेबियन (लिनक्स), पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारा) आणि स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा फिल्टर), कुठे मधे अमाविस (मेल फिल्टरकडे नेणारा दुवा). आणि तक्रारही एकच, की इतकी वर्षं बरं चाललं होतं आणि आता अचानक कचरा यायला लागला. मग कोणीतरी म्हणतं की स्पॅमवाले आता एआय वापरतात, हे फुकटातलं सॉफ्टवेअर पुरणार नाही. स्पॅमवाले हुशार झालेत हे खरंय, पण मी जेवढ्या वेळा हे दुरुस्त केलंय त्यात बहुतेक वेळा दोष आपल्याच सर्व्हरवर निघालाय. बाहेर काय चाललंय हे फिल्टरला तीन वाटांनी कळतं, रोज येणारे नवे रूल, डीएनएसवरून (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) विचारायच्या ब्लॉकलिस्ट म्हणजे बदनामांच्या याद्या, आणि तुम्ही त्याला शिकवलेले नमुने म्हणजे बेज. यातली एखादी वाट बुजली तरी तो बंद पडत नाही, एरर पण देत नाही, जुन्या माहितीवर निमूट चालत राहतो आणि आपल्याला वाटतं की स्पॅमची पद्धत बदलली.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीतच लिहितोय, ज्यांना सर्व्हरवर लॉगिन आहे त्यांना स्पेलिंग सांगायची गरज नाही.

लक्षणं

खालच्यापैकी काही दिसत असेल तर पुढचं वाचा.

- एका ठरावीक दिवसापासून कचरा वाढलाय, हळूहळू नाही.
- उघडउघड स्पॅम आहे पण स्कोअर (फिल्टरने दिलेले गुण, ५ झाले की स्पॅम) १ किंवा २, कधी तर शून्याच्या खाली.
- हेडरमधे यूआरआयबीएल_ब्लॉक्ड असं काहीतरी दिसतंय.
- धडधडीत कचऱ्याला बेज_०० लागलंय, म्हणजे फिल्टरच्या मते हा अगदी सज्जन मेल.
- काही मेलना स्पॅमचे हेडरच नाहीत.
- तुमच्याच पत्त्यावरून तुम्हालाच मेल आलाय.
- मेलमधे मजकूर जवळपास नाहीच, नुसतं चित्र, पीडीएफ नाहीतर क्यूआर कोड.
- उलटंही होतं, ग्राहकाचे खरे मेल आणि मराठीतली पत्रं स्पॅममधे जातायत.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. घाबरून स्कोअरची मर्यादा ५ वरून ३ वर आणू नका. ५.० हा आकडा कोणाच्या मनात आला म्हणून ठेवलेला नाहीये, मास-चेक म्हणून प्रकार असतो ज्यात लोक आपापल्याकडच्या हाताने निवडलेल्या स्पॅम आणि चांगल्या मेलवर रूल चालवतात आणि नुसते लॉग पाठवतात, त्यावरून प्रत्येक रूलचे गुण ५ ही मर्यादा धरून काढतात. तुम्ही ३ केलं की कचरा थोडा कमी होईल पण चोर सोडून संन्याशाला फाशी होईल, आणि त्या संन्याशाचा फोन तुम्हाला चार दिवसांनी येईल की माझं कोटेशन मिळालं का.

पहिली तपासणी: हेडर उघडा, फुकट आहे

इनबॉक्समधे घुसलेला एक स्पॅम घ्या, त्याचा पूर्ण सोर्स उघडा आणि एक्स-स्पॅम-स्टेटस ही ओळ शोधा. त्यात स्कोअर असतो, लागलेल्या रूल्सची यादी असते आणि ऑटोलर्नने (फिल्टर मेलवरून आपणहून शिकतो त्याने) काय केलं तेही असतं. डॉक्टर आधी जीभ बघतात तसं आहे हे. लोक हे सोडून थेट कॉन्फिग उघडून बसतात आणि मग कुठून सुरुवात केली तेच विसरतात.

तीन शक्यता असतात. हेडरच नाही, म्हणजे मेल फिल्टरपर्यंत गेलाच नाही. हेडर आहे आणि स्कोअर ५ च्या वर आहे तरी मेल इनबॉक्समधे, म्हणजे फिल्टरने काम केलंय आणि पुढे फोल्डरमधे टाकणारा सीव्हचा (मेल वाटायच्या नियमांची भाषा) नियम चुकलाय, किंवा अमाविस मधे आहे आणि त्याचा स्वतःचा आकडा वेगळा आहे (डेबियनच्या अमाविसमधे तो ६.३१ असतो आणि स्पॅमअसॅसिनच्या फाइलमधे तुम्ही लिहिलेल्या ५ ला तो अजिबात विचारत नाही, यात माझी एक अख्खी दुपार गेलीय). आणि तिसरी, हेडर आहे पण स्कोअरच कमी. खरं काम या तिसऱ्यात असतं.

हेडरच नसेल तर आधी सर्व्हिस चालू आहे का बघा. हसू नका. डेबियन १२ मधे स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनची सतत चालू असणारी सर्व्हिस) हे वेगळं पॅकेज झालं, आणि अपग्रेडनंतर जुन्या नावाची सर्व्हिस शोधत बसलेले लोक मी पाहिलेत, मी स्वतः त्यातला एक. पोस्टफिक्समधे मिल्टर (मेल येतानाच फिल्टरला दाखवणारा जोड) लावला असेल तर मिल्टर बंद पडल्यावर काय करायचं त्या सेटिंगला ॲक्सेप्ट दिलंय का बघा, दिलं असेल तर फिल्टर मेला तरी मेल न तपासता आत येत राहतो. स्पॅमसी (मेल स्पॅमडीकडे नेऊन देणारा छोटा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याचाही स्वभाव असाच आहे, स्पॅमडी उत्तर देत नसेल तर मेल जसाच्या तसा पुढे सोडतो. हे मुद्दाम केलंय, कारण मेल हरवण्यापेक्षा स्पॅम आलेला बरा. पण त्यामुळे बिघाड लक्षात येत नाही.

साइजही बघा. स्पॅमसी मुळात ५०० केबीपेक्षा मोठा मेल तपासायलाच देत नाही. स्पॅमवाल्यांना हे माहितीये, म्हणून हल्ली कधीकधी कारण नसताना दोन-तीन एमबीचं चित्र चिकटवलेलं असतं. मर्यादा थोडी वाढवता येते, पण रॅम बघून.

पक्की खात्री करायची तर जीट्यूब नावाची ठरलेली चाचणी-ओळ आहे, ती मेलमधे टाकून बाहेरच्या पत्त्यावरून स्वतःला पाठवा. फिल्टर जिवंत असेल तर तो १००० गुण देतो. हजार आले नाहीत तर पुढचं काही वाचू नका, आधी हेच सोडवा.

दुसरी: रूल शिळे झालेत का

हेही फुकट, पाच मिनिटांचं काम. एसए-अपडेट (नवे रूल उतरवणारी कमांड) शेवटचं कधी चाललं ते बघा. हाताने चालवलं आणि एक्झिट कोड १ आला तर ती एरर नाही, नवीन काही नाही एवढाच अर्थ. ० आला तर नवे रूल आले, मग सर्व्हिस रीस्टार्ट करायला लागते. बरेच जण अपडेट लावतात पण रीस्टार्ट लावत नाहीत आणि चालू असलेला स्पॅमडी जुनेच रूल डोक्यात धरून महिनोन्महिने बसतो. डेबियनमधे पूर्वी हे क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा) व्हायचं आणि ते मुळात बंदच असायचं, आता सिस्टमडीचा टायमर आहे, तो चालू आहे का तेवढं बघून घ्या.

व्हर्जन ३.४.२ च्या मागचं असेल तर सगळं नीट असूनही काही मिळणार नाही. १ मार्च २०२० पासून जुन्या एसएचए-१ पद्धतीच्या सह्यांचे रूल देणं बंद झालंय. म्हणजे अशा सर्व्हरचा फिल्टर त्या तारखेला गोठलाय, आणि तेव्हापासूनचं स्पॅम त्याच्यासाठी परग्रहावरचं. मी असा सर्व्हर एका कारखान्यात पाहिलाय, धूळ खात पण इमानदारीत चालू.

रूल शिळे राहिले की काय होतं याची जुनी गोष्ट आहे. स्पॅमअसॅसिनमधे एक रूल होता, मेलवरची तारीख फार पुढची असेल तर गुण द्यायचा. लिहिणाऱ्याने पुढची म्हणजे २०१० आणि नंतरची असं धरलं होतं. झालं, १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगातल्या प्रत्येक मेलला दोन ते साडेतीन गुण फुकटात लागायला लागले, नवीन वर्षाच्या शुभेच्छा सरळ स्पॅममधे. दुरुस्ती लगेच आली, पण ती एसए-अपडेटने आली. ज्यांचं अपडेट बंद होतं ते बसले आपले हात चोळत.

मूळ चॅनलशिवाय केएएम नावाचं रूल-चॅनल आहे, केविन मॅकग्रेल सांभाळतात, तेही मी सगळीकडे लावतो. नव्या युक्त्यांवर त्यात बऱ्यापैकी लवकर रूल येतात. थोडं कडक आहे, पहिले दोन आठवडे स्पॅम फोल्डर रोज बघा.

तिसरी: डीएनएस, आणि बहुतेक वेळा इथेच सापडतं

हेडरमधे यूआरआयबीएल_ब्लॉक्ड दिसलं का? लोक वाचतात आणि खूष होतात की वा, काहीतरी ब्लॉक केलंय. अहो तुम्हालाच ब्लॉक केलंय! ब्लॉकलिस्टवाला तुम्हाला सांगतोय की तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.

कारण असं. ब्लॉकलिस्ट ही डीएनएसवरून चालते, मेल आला की फिल्टर विचारतो की हा आयपी बदनाम आहे का, या लिंकमधलं डोमेन बदनाम आहे का. या लिस्ट थोड्या वापराला फुकट असतात आणि कोण किती विचारतंय हे त्या विचारणाऱ्या डीएनएस सर्व्हरवरून मोजतात. आता तुमच्या सर्व्हरवर डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ (सगळ्यांसाठी खुले पब्लिक डीएनएस) टाकलं असेल तर तुमचा प्रश्न जगभरातल्या लाखोंच्या प्रश्नांबरोबर एकाच तोंडातून जातो. एवढ्या गर्दीला कोण फुकट उत्तर देईल? ब्रॉडबँड कंपनीच्या डीएनएसचंही तेच.

उपाय सोपा आहे. मेल सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा छोटा डीएनएस सर्व्हर) टाका आणि स्पॅमअसॅसिनला १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच मशीनला, विचारायला सांगा. मात्र अनबाउंडमधे फॉरवर्डर (प्रश्न दुसऱ्याच डीएनएसकडे ढकलणं) लावू नका. बरेच जण अनबाउंड टाकतात आणि त्याच्या फॉरवर्डरमधे परत ८.८.८.८ लिहितात, मग काय फायदा, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. त्याने स्वतः रूट सर्व्हरपासून शोधत यायला पाहिजे.

झालं का ते बघायला स्पॅमहाउस या ब्लॉकलिस्टवाल्यांच्या झेन लिस्टला २.०.०.१२७ हा चाचणीचा प्रश्न विचारा. उत्तरात १२७.०.०.२ आणि तसेच अजून एकदोन आले तर वाट मोकळी. १२७.२५५.२५५.२५४ आलं तर तुम्ही अजून पब्लिक डीएनएसमधूनच विचारताय. आणि इथे एक खड्डा आहे. पोस्टफिक्समधे कोणी लिस्टचं नुसतं नाव टाकलं असेल आणि कोणती उत्तरं धरायची ते लिहिलं नसेल, तर या नकाराच्या उत्तरालाही पोस्टफिक्स "लिस्टमधे आहे" असंच समजतो आणि आलेला प्रत्येक मेल परत पाठवतो. एका कॉलेजात असा सव्वा दिवस एकही मेल आला नव्हता, आणि दुपारपर्यंत सगळे म्हणत होते की आज किती शांत आहे.

मेलेल्या लिस्टही कॉन्फिगमधून काढून टाका. ओआरडीबी २००६ च्या शेवटी बंद झाली, लोकांनी ती काढली नाही, म्हणून २००८ च्या मार्चमधे तिने प्रत्येक प्रश्नाला होकार द्यायला सुरुवात केली, म्हणजे जगातला प्रत्येक आयपी बदनाम. एएचबीएलने २०१५ च्या सुरुवातीला तेच केलं. सॉर्ब्स जून २०२४ मधे बंद झाली, ती आता कोणालाच नावं ठेवत नाही, म्हणजे त्रास नाही पण उपयोगही नाही. दहा वर्षांपूर्वी कुठून तरी चिकटवलेलं कॉन्फिग असेल तर त्यात यातली एखादी सापडेलच.

चौथी: कोणाला आत सोडायचं ते ठरवणारी यादी

तुमच्याच पत्त्यावरून तुम्हालाच स्पॅम येतंय आणि स्कोअर उणे ९० काहीतरी आहे, तर कोणीतरी तुमचंच डोमेन व्हाइटलिस्टमधे टाकलंय. काय होतं, साहेबांचा एक मेल कधीतरी स्पॅममधे जातो, साहेब चिडतात, आणि कोणीतरी घाईघाईत व्हाइटलिस्ट-फ्रॉममधे पूर्ण डोमेन लिहून मोकळा होतो. त्याला उणे १०० गुण आहेत. आणि फ्रॉमचा पत्ता काय, पाकिटावर मागच्या बाजूला कोणीही कोणाचंही नाव लिहावं तसा. स्पॅमवाल्याने तुमचं डोमेन फ्रॉममधे टाकलं की त्याला लाल गालिचा.

ती ओळ काढा. खरंच कोणाला सोडायचं असेल तर व्हाइटलिस्ट-ऑथ वापरा, ४.० पासून त्याचं नाव वेलकमलिस्ट-ऑथ झालंय. तो एसपीएफ (या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो त्याची यादी) किंवा डीकेआयएम (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) जुळलं तरच सूट देतो.

याच जातीचा दुसरा घोळ म्हणजे ट्रस्टेड नेटवर्क. बाहेरचा मेल आधी दुसऱ्या गेटवेवर किंवा होस्टिंगवाल्याकडे उतरून मग तुमच्याकडे येत असेल तर स्पॅमअसॅसिनला सांगावं लागतं की हा मधला आपलाच, याच्या पलीकडचा खरा पाठवणारा. नाहीतर तो ब्लॉकलिस्टला तुमच्याच गेटवेचा आयपी विचारत बसतो. प्रत्येक बाहेरच्या मेलला ऑल_ट्रस्टेड लागलेलं दिसलं तर ट्रस्टेड नेटवर्कचीच सेटिंग चुकलीय असं समजा.

पाचवी: बेज, वेळखाऊ पण सगळ्यात जास्त फळ देणारी

इथे दमाने वाचा. बेजमागची कल्पना जुनी आहे, पॉल ग्रॅहम यांनी २००२ मधे ती लेख लिहून लोकांपुढे आणली आणि मग सगळ्यांनी घेतली. प्रत्येक शब्द चांगल्या मेलमधे किती वेळा आला आणि स्पॅममधे किती, यावरून नव्या मेलचा अंदाज. यातली खरी ताकद अशी की तुमचा बेज तुमच्यासारखाच असतो. पतसंस्थेच्या बेजला "ठराव", "थकबाकी", "वार्षिक सभा" हे शब्द म्हणजे घरचे. स्पॅमवाला मेलच्या तळाला शंभर भलतेच शब्द चिकटवतो, बेज गोंधळावा म्हणून, पण त्याला तुमच्या घरचे शब्द कुठे माहिती? ती खिचडी वाटते तेवढी चालत नाही.

मग बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे चुकीच्या यूजरला शिकवणं. तुम्ही रूट म्हणून एसए-लर्न (बेजला शिकवणारी कमांड) चालवलं आणि फिल्टर चालतो अमाविस किंवा डेबियन-स्पॅमडी या यूजरखाली, तर तुम्ही शिकवताय एकाला आणि परीक्षेला बसतोय दुसरा. दोघांचे डेटाबेस वेगळे. त्याच यूजरखाली एसए-लर्नला डंप मॅजिक विचारा, स्पॅम किती आणि हॅम (म्हणजे चांगला मेल) किती शिकलाय ते आकडे येतात. दोन्ही २०० च्या पुढे गेल्याशिवाय बेज तोंडच उघडत नाही. मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं दृश्य म्हणजे स्पॅम चार हजार आणि हॅम सदतीस. सगळे कचरा उत्साहाने शिकवतात, चांगला मेल शिकवायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसरं, फॉरवर्ड करून शिकवणं. काकांनी स्पॅम मला फॉरवर्ड केला तर त्याचे हेडर आता काकांचे झाले, बेज काकांना स्पॅमर समजायला लागतो. मेल फोल्डरमधे हलवून शिकवा, डव्हकॉटच्या आयमॅप-सीव्हने जंकमधे टाकला की आपोआप शिकेल आणि बाहेर काढला की उलटं शिकेल असं करता येतं. लोकांना एवढंच सांगायचं की डिलीट करू नका, जंकमधे ओढा.

तिसरं ऑटोलर्न, आणि म्हणूनच मी डीएनएस आधी बघायला सांगितलं. स्कोअर ०.१ च्या खाली असेल तर फिल्टर तो मेल आपणहून चांगला म्हणून शिकतो, १२ च्या वर असेल तर स्पॅम म्हणून. आता ब्लॉकलिस्ट बंद पडल्यात. स्पॅम आला, एसपीएफ ठीक, डीकेआयएम ठीक, कोणी तक्रार करायला नाही, स्कोअर शून्याखाली. फिल्टरने तो हॅम म्हणून पाठ केला. उद्या तसाच दुसरा आला तर त्याला बेज_०० चे उणे १.९ मिळणार. एक कान बंद झाला आणि दुसऱ्याने ऐकलेलं सगळं उलटं लिहून ठेवलं. असं दोन-तीन महिने चाललं की धडधडीत कचरा बेजच्या लेखी नातेवाईक होतो. डीएनएस न सुधारता तुम्ही कितीही शिकवलंत तरी पालथ्या घड्यावर पाणी.

एवढं विषारी झालं असेल तर मी डागडुजी करत बसत नाही. आधी बॅकअप, मग बेज पूर्ण पुसून ताज्या तीन-चारशे हॅम आणि तेवढ्याच स्पॅमवर परत उभा करतो, हॅम वेगवेगळ्या लोकांचा घ्यायचा. ऑटोलर्न पहिला महिना बंद. एक दुपार जाते.

सहावी: आता खरंच नव्या युक्त्या

वरचं सगळं ठीक आहे आणि तरीही येतंय, तर मग मानायचं की समोरचा पुढे गेलाय.

चित्रातला मजकूर तसा जुना प्रकार, २००६-०७ च्या सुमाराला त्याची लाट होती, तेव्हाही ओसीआरचे (चित्रातली अक्षरं वाचणारे) प्लगइन निघाले होते. आता तेच क्यूआर कोड आणि पीडीएफच्या वेशात परत आलंय. डिसेंबर २०२२ मधे आलेल्या ४.० मधे एक्स्ट्रॅक्ट-टेक्स्ट प्लगइन आहे, पीडीएफमधला मजकूर बाहेर काढून रूलपुढे ठेवतो, टेसरॅक्ट (ओसीआरचा प्रोग्राम) जोडला तर चित्रातलाही. प्रोसेसर खातो, दोन कोअरच्या मशीनवर सगळ्या मेलना लावू नका. छोट्या केलेल्या लिंक उघडून खरा पत्ता बघणारा प्लगइनही आहे, आणि डीमार्कचा (फ्रॉमचं डोमेन एसपीएफ-डीकेआयएमशी जुळतं का ते तपासणारा). यातलं बरंच मुळात बंद असतं, कॉन्फिगमधली ओळ उघडावी लागते. ३.४ वरून ४ वर जायला माझ्या मते एवढं कारण पुरे, शिवाय युनिकोडचं काम पण त्यात सुधारलंय, आपल्याला ते महत्त्वाचं, देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मधे ३ बाइटचं असतं.

युनिकोडवरून आठवलं, हा माझा स्वतःचा पराक्रम. स्पॅमवाले शब्दाच्या मधे न दिसणारी अक्षरं घालतात, शून्य रुंदीची, म्हणजे माणसाला शब्द नीट दिसतो आणि रूलला तुटका. मी म्हटलं यात काय अवघड आहे, असं अक्षर दिसलं की ३ गुण, असा रूल लिहिला आणि घरी गेलो. चार दिवसांनी काकांचा फोन, पगाराचं पत्र कोणालाच मिळालं नाही. बघतो तर "कर्मचाऱ्यांना". हा आपला अर्धा र आहे ना, तो काही कीबोर्ड र, हलंत आणि वर शून्य रुंदीचा जोडक असा टाइप करतात! म्हणजे "शेतकऱ्यांचे", "दुसऱ्या", "सुट्टी घेणाऱ्यांनी", सगळी मराठी पत्रं माझ्या रूलच्या मते संशयित. आता तो रूल फक्त रोमन अक्षरांच्या मधे असं काही आलं तरच लागतो. रशियन लिपीतली हुबेहूब दिसणारी अक्षरं इंग्रजी शब्दात मिसळतात त्यावरही रूल त्याच बेताने लिहा, मिश्रण एकाच शब्दात असेल तर. भाषा ओळखून गुण देणारा टेक्स्टकॅट लावला असेल तर चालणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी आहे का बघा. आणि "udya yeto" छापाची रोमन मराठी तो भलतीच कुठली तरी भाषा समजतो, म्हणून मी त्याचे गुण अर्ध्यावर आणतो.

प्रत्येक बदलानंतर लिंट (कॉन्फिगमधल्या चुका शोधणारी तपासणी) चालवा. एक कंस राहिला तर तो रूलच बाद होतो, आणि सांगायला कोणी येत नाही.

सगळ्यात अवघड स्पॅम म्हणजे कोणाच्या तरी खऱ्या, चोरलेल्या खात्यावरून आलेला. एसपीएफ बरोबर, डीकेआयएम बरोबर, आयपी मोठ्या कंपनीचा, भाषा शुद्ध, चूक एकही नाही. पूर्वी स्पेलिंगवरून ओळखायचो, ते दिवस गेले. एसपीएफ पास म्हणजे पाकीट खरं, आतलं पत्र खरं असं नाही, म्हणूनच स्पॅमअसॅसिन एसपीएफ पासला उणे ०.००१ एवढेच गुण देतो. इथे फिल्टर काही अडवेल, काही जाईल, आणि बँक खातं बदललंय असा मेल आला की फोन करून विचारायचं ही सवय ऑफिसात लावावीच लागते.

सातवी: आरस्पॅमडीवर जायचं का

आरस्पॅमडी म्हणजे स्पॅमअसॅसिनच्या जागी घेता येणारा दुसरा फिल्टर. मेल जास्त असतील तर जरूर जा. सी मधे लिहिलेला आहे, वेगवान, रूल लुआ या भाषेत, रेडिस हा डेटाबेस लागतो, वेब पॅनल चांगलं आहे, आणि थोडा बदल केलेला तोच मेल ओळखणारे फझी हॅश फार कामाचे. तिथे मोजपट्टी वेगळी, मुळात ४ ला ग्रेलिस्ट (मेल थोडा वेळ थांबवणं), ६ ला हेडर, १५ ला नकार, जुन्या ५ ची सवय तिथे नेऊ नका. पण डीएनएस ८.८.८.८ च ठेवून आरस्पॅमडी टाकलात तर तोही तसाच बहिरा. मी दोन ठिकाणी बदललं, तीन ठिकाणी जुनाच नीट केला, आणि त्या तिघांची तक्रार नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कचरा येतोय तोवर आपण करू शकतो. तुमच्या सर्व्हरवरून कचरा बाहेर जात असेल तर हात लावू नका. पोस्टफिक्सची रांग बघा, हजारो मेल अडकलेत आणि ते तुम्ही पाठवलेले नाहीत तर कोणाचा तरी पासवर्ड गेलाय किंवा वेबसाइटमधून कोणी शिरलंय. त्या खात्याचा पासवर्ड बदला, बाहेर जाणारे मेल थांबवा, लॉग पुसू नका, आणि जाणकाराला फोन करा. अशा घटना सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे, ते कसं कळवायचं हेही त्यालाच विचारा.

कोणी फसून पैसे पाठवले असतील तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) ला फोन आणि बँकेला, सर्व्हर नंतर. काकांच्या बाबतीत सुदैवाने बक्षीस फार मोठं होतं, त्यांनाच पटलं नाही.

फुकट ब्लॉकलिस्टच्या मर्यादेत तुमचा वापर बसत नसेल, शे-दोनशे खाती असतील, तर पैसे मोजून लिस्ट घ्या, पळवाटा शोधू नका. आणि चालू सर्व्हरवर दिवसा पोस्टफिक्सची मुख्य फाइल बदलायची वेळ आली आणि बॅकअप कुठे आहे हे तुम्हाला आत्ता या क्षणी सांगता येत नसेल, तर तिथेही थांबा.

बोलवाल त्याच्यासाठी तयार ठेवायचं ते एवढंच: दोन-तीन घुसलेल्या मेलचे पूर्ण सोर्स (स्क्रीनशॉट नको, त्यात हेडर नसतात), स्पॅमअसॅसिनचं व्हर्जन, डंप मॅजिकचे आकडे, झेनच्या चाचणीचं उत्तर, आणि कचरा साधारण कोणत्या तारखेपासून वाढला ते. तारीख आठवत नसेल तर त्या आठवड्यात सर्व्हरवर कोणी काय केलं ते विचारा, राउटर बदलला, इंटरनेट कंपनी बदलली, अपग्रेड मारला, काहीतरी निघतंच. पतसंस्थेत नवीन ब्रॉडबँड लावायला आलेल्या मुलाने जाताजाता सर्व्हरवर पण ८.८.८.८ टाकून दिलं होतं, नेट फास्ट चालावं म्हणून.